घरगुती फराळाच्या धंद्याला वेबसाईट हवीच का? (इंदूर)

रामबागवाली | सोमवार, दुपारी ३.१०

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही इंदुरात रामबागेत राहतो. घरूनच मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पुडाच्या वड्या विकतो, दिवाळीत फराळ. सुरुवात सासूबाईंची, आता मी बघते आणि मदतीला दोन बायका येतात.

आठ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने वेबसाईट करून दिली होती. छान होती, पहिल्या पानावर खलबत्त्यासमोर बसलेल्या सासूबाई. मुलगा पुढे नोकरीला परगावी गेला, त्याचा नंबर बदलला. साईटकडे आम्ही ढुंकूनही बघितलं नाही. मागच्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, बिचारे अवघडून बोलत होते. "वहिनी, पाकिटावरचा पत्ता टाकला तर पत्ते उघडतात." मला कळेना. स्वतः टाकून बघितला तर खरंच, तीन पत्तीचा जुगार! फासे, नाचणारी नाणी, सगळं. आणि हा पत्ता आमच्या दीड हजार छापील पाकिटांवर आहे.

आता एक गृहस्थ ४५ हजार मागताहेत. पाच पानं, अ‍ॅप फुकट, 'सुरक्षा प्रमाणपत्र' वर्षाला ६ हजार वेगळे, आणि गूगलवर एक नंबरची गॅरंटी. आमचे हे म्हणतात, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतंय, कशाला खर्च? मुलगी म्हणते हवीच, पुण्याला नि हैदराबादला गेलेली इंदुरी पोरं कुरिअरने मागवतात. सासूबाई एवढंच विचारतात, "नाव आपलं आणि किल्ली त्याच्याकडे, असं झालंच कसं?" मला उत्तर देता आलं नाही.

सराफ्यातला_भिडू | सोमवार, दुपारी ३.२२

पहिला प्रश्न, मेतकूट किती रुपये पाव? दुसरा प्रश्न नाही.

अर्धवट_अभियंता | सोमवार, रात्री ९.४५

रामबागवाली ताई, मी सुपर कॉरिडॉरवर (इंदुरातला आयटी कंपन्यांचा भाग) नोकरी करतो, साईटी बनवणं हा माझा धंदा नाही. त्यामुळे फुकट सांगतो.

सासूबाईंचा प्रश्न अचूक आहे. वेबसाईट म्हणून आपण जे म्हणतो त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. एक नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. तिसरी त्या जागेत मांडलेली पानं. डोमेन विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतं. भाडं भरलं नाही की जातं. तुमच्या त्या मुलाने नाव स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर घेतलं असणार. 'नूतनीकरण करा' अशा मेल त्याला जात राहिल्या, त्याने त्या बघितल्या नाहीत, संपला विषय. त्याचा वाईट हेतू असेलच असं नाही.

मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही. डॉट कॉमचं सांगतो. आधी थोडे दिवस नेहमीच्या दराने भरता येतात. मग ३० दिवसांची मुदत असते, तेव्हा जबर दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही आणि मग बाजारात मोकळं होतं. अशा मोकळ्या नावांवर टपून बसलेले लोक असतात. जुन्या नावाला आधीच येणारी-जाणारी माणसं असतात ना, ती त्यांना आयती मिळतात. म्हणून जुगारवाले.

तेव्हा ४५ हजार राहू द्या बाजूला. आधी नवं नाव स्वतः, स्वतःच्या कार्डाने, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वर्षाला हजाराच्या आसपास पडेल. नाव आपलं आहे का हे ओळखायची साधी खूण अशी की तुम्हाला स्वतःला त्या खात्यात शिरता आलं पाहिजे. शिरता येत नसेल तर बिल कुणाच्याही नावाने फाडलेलं असो, नाव तुमचं नाही.

रामबागवाली | सोमवार, रात्री १०.०५

जुनं नाव परत नाही मिळणार?

अर्धवट_अभियंता | सोमवार, रात्री १०.२०

ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर तक्रारीची रीत आहे, डॉट इनसाठी वेगळी, डॉट कॉमसाठी वेगळी. पण त्यात पैसा आणि महिने दोन्ही जातात. एवढ्या पैशात तुमची पाकिटं तीनदा छापून होतील. सोडा ते नाव. आणि 'मी मिळवून देतो' म्हणत कुणी मेल केली तर उत्तरसुद्धा देऊ नका.

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, सकाळी ८.१५

कशाला वेबसाईट वगैरे? इन्स्टावर टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या, झालं. आमच्या पुण्यात निम्मे घरगुती फराळवाले असंच करतात. आणि दीड हजार पाकिटं जुगाराच्या पत्त्यासकट विकली तर खप वाढेल असं आपलं माझं मत.

जुना_जुळारी | मंगळवार, सकाळी ११.३०

वहिनी, पाकिटं फेकू नका. माझं सारं आयुष्य छापखान्यात गेलंय, त्यावर सांगतो. पत्त्याच्या ओळीवर बसेल एवढं स्टिकर करून घ्या, रुंद पट्टीसारखं. चकचकीत पाऊचवर साधा कागद टिकत नाही, फ्रीजमध्ये ठेवलं की सुटतो. प्लास्टिक स्टिकर मागा. दीड हजार स्टिकरं नव्या पाऊचच्या मानाने फारच स्वस्त पडतील.

त्यावर क्यूआर छापणार असाल तर एक सावधगिरी. नेटवर फुकट क्यूआर करून देणारे बरेच आहेत. त्यातले काही जण तुमचा पत्ता थेट त्या चौकोनात भरत नाहीत, स्वतःचा एक आडवळणाचा पत्ता भरतात, म्हणजे माणूस आधी त्यांच्याकडे जातो आणि तिथून तुमच्याकडे. चौदा दिवसांनी 'पैसे भरा' म्हणतात, नाही भरले तर तुमचं छापील क्यूआर मेलं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकांवर हे झालं, हॉलचा नकाशाच उघडेना, अर्धी वऱ्हाडी मंडळी दुसऱ्याच गार्डनमध्ये. छापायला देण्याआधी फोनने स्कॅन करा आणि वर कोणता पत्ता येतो तो नीट वाचा. आपलाच आला तर छापा.

सराफ्यातला_भिडू | मंगळवार, सकाळी ११.४१

दुसऱ्या गार्डनमधलं जेवण कसं होतं, ते सांगा की काका.

रामबागवाली | मंगळवार, दुपारी १.००

काका, स्टिकरचं एकदम पटलं. पाहुणे, तुमचं अर्धं पटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर खरंच चालतंय. आमचा १८० गिऱ्हाइकांचा ग्रुप आहे, सोमवारी यादी टाकते, गुरुवारी माल.

बडोद्याची_नलू | मंगळवार, दुपारी २.३५

अगं ग्रुप नको! एकशे ऐंशी लोकांचे नंबर एकमेकांना दिसताहेत. माझ्या ग्रुपात (मी इथे बडोद्याला साड्या नि ड्रेस मटेरियल विकते) एकीने सगळ्यांचे नंबर उचलून स्वतःचा माल विकायला सुरुवात केली. वर दोन बायकांना रात्री-बेरात्री कुणाचे तरी मेसेज येऊ लागले. बोलणी मला बसली.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घे, फुकट आहे. त्यात कॅटलॉग करता येतो, ५०० वस्तूंपर्यंत. तुझ्या वीसेक असतील. दुपारी आपण झोपलेलो असलो तरी उत्तर आपोआप जातं. ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी कर, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकीला वेगवेगळा जातो, नंबर एकमेकींना दिसत नाहीत. फक्त लक्षात ठेव, एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने तुझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून मी प्रत्येक पार्सलात चिठ्ठी घालते, 'हा नंबर सेव्ह करा, नवीन माल आधी तुम्हाला कळेल.'

आणि ते सिम कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ. आमच्याकडे दुकानातल्या पोराच्या नावावर होतं. पोरगं सोडून गेलं. पुढचं सांगत नाही.

रामबागवाली | मंगळवार, दुपारी २.५०

सिम दिरांच्या नावावर आहे 🙈 दीर उज्जैनला असतात.

बडोद्याची_नलू | मंगळवार, दुपारी २.५२

आजच्या आज फोन कर दिरांना.

अर्धवट_अभियंता | मंगळवार, रात्री ९.१०

नलूताईंना +१००. सिम स्वतःच्या नावावर करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सहा आकड्यांचा पिनही लावा. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, तेव्हा तोही डोमेनसारखाच.

पेठेतले पाहुणे, तुमच्या मुद्द्यावर. इन्स्टा जरूर करा, पण तिथे आपण दुसऱ्याच्या ओट्यावर बसलेलो असतो. गूगलने छोट्या दुकानांना फुकट एक-पानी वेबसाईटची सोय दिली होती, मार्च २०२४ मध्ये ती बंद केली. त्यात त्यांनी काही चूक केली असं म्हणत नाही, त्यांचा ओटा आहे. पण ज्यांनी तो पत्ता छापून घेतला होता, त्यांची पाकिटं रामबागवालींच्या पाकिटांच्या पंगतीत जाऊन बसली. नाव स्वतःचं असेल तर आज ते इन्स्टाकडे वळवता येतं, उद्या साईटकडे, परवा आणखी कुठे. छापलेलं बदलावं लागत नाही.

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, रात्री ९.३०

हे मात्र मान्य. (पुणेकराने मान्य केल्याची नोंद घ्यावी.)

हिशेबनीस | बुधवार, सकाळी १०.२५

कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. पुण्या-हैदराबादला कुरिअर करता, जीएसटी नोंदणी आहे का?

मध्य प्रदेशात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की ही सूट चालत नाही, उलाढाल कितीही असो. कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची योजना) घेतलं असेल तर राज्याबाहेर विकताच येत नाही. वेबसाईट केली की 'भारतभर घरपोच' असं मोठ्या अक्षरात लिहायचा मोह होतो. लिहिण्याआधी आपल्या सीएशी बोला.

खाद्यपदार्थ आहेत म्हणजे एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) १४ आकडी नंबर पाकिटावर हवा, साईटवरही द्या. वजन, सर्व करांसहित किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर लागतात, आणि ऑनलाइन विकताना यातलं बरंचसं साईटवरही दिसावं लागतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार कुणाकडे करायची तेही लिहावं लागतं. पाच पानांच्या कोटेशनमध्ये हे पान आहे का बघा. बहुधा 'आमचे व्हिजन' असं पान असेल.

रामबागवाली | बुधवार, सकाळी १०.४०

आहे! 'आमचे व्हिजन आणि मिशन'. एफएसएसएआय आहे. जीएसटी नाही. धाप लागली वाचून.

छावणीकर | बुधवार, दुपारी १२.१५

हिशेबनीस भाऊ, उगाच घाबरवून राहिले तुम्ही. चार किलो भाजणी बहिणीच्या पोराला पाठवली तर कोण धरणार आहे? सगळे पाठवून राहिलेत.

पेठेतला_पाहुणा | बुधवार, दुपारी १२.२०

'पाठवून राहिलेत' 😄

छावणीकर | बुधवार, दुपारी १२.३१

होळकरांच्या काळापासून आम्ही असंच बोलून राहिलोय भिया, तुम्ही ऐकून राहा.

हिशेबनीस | बुधवार, दुपारी १.०५

छावणीकर, बहिणीच्या पोराला पाठवा की. बिल फाडून, पैसे घेऊन, वेबसाईटवर जाहीर करून दर आठवड्याला चाळीस पार्सलं पाठवणं वेगळं. मी माझं काम केलं. रामबागवाली, नोंदणी होईपर्यंत साईटवर 'फक्त इंदूर' लिहून सुरू करा. त्यात कमीपणा नाही.

जुना_जुळारी | बुधवार, दुपारी ४.००

आता माझ्या आवडीचा विषय. साईटवर मजकूर कुठून आणणार? जुन्या पत्रकाची फाईल देऊ नका. इंदुरातल्या निम्म्या छापखान्यांत अजून कृतिदेव किंवा तसलाच जुना फाँट चालतो. तिथे मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात, फाँट नुसता मुखवटा. तोच मजकूर वेबसाईटवर चिकटवला की 'मेतकूट' जाऊन उलट्यासुलट्या इंग्रजी अक्षरांची भेळ येते. मग साईटवाला काय करतो, पत्रकाचा फोटोच लावतो. दिसायला छान! पण फोटोतलं वाचून गूगल तुमचं पान पुढे आणेल यावर मी तरी विसंबणार नाही, आणि फोनवर तो मजकूर मोठा करून वाचताना आजीबाईंचे डोळे जातात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं असतात त्या पद्धतीत, नव्याने टाईप करून घ्या. फाँट 'मुक्त' घ्या, फुकट आहे आणि फोनवर स्वच्छ दिसतो.

आणखी एक, हा माझा चोखंदळपणा समजा. पानाच्या आत भाषा कोणती ती खूण असते. तिथे साईटवाले हिंदी टाकतात, नाहीतर इंग्रजीच ठेवतात. मराठी अशी खूण केली की चांगले फाँट 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे देतात. नाही केली तर लाडूचा 'ल' हिंदी वळणाचा.

सराफ्यातला_भिडू | बुधवार, दुपारी ४.१२

लाडू वळणाचा असला म्हणजे झालं, 'ल' चालेल कोणत्याही वळणाचा.

तिळकनगरची_माई | बुधवार, संध्याकाळी ६.२०

जुळारीकाकांचं सगळं खरं, पण काका, इंदुरात गिऱ्हाईक किती मराठी आणि किती हिंदी ते बघा. माझी पाळणाघराची साईट मी हौसेने शुद्ध मराठीत केली होती. वर्षभर फक्त नातेवाइकांनी वाचली. विजयनगरकडच्या आया 'पाळणाघर' हा शब्द शोधणार कुठून!

भाजणी हा शब्द आपल्याला माहीत. शेजारच्या शर्माभाभी काय म्हणतात? "वो थालीपीठ का आटा." मेतकुटाला "दही में डालने वाला पीला पावडर". तसंच लिहा पानावर, भाजणी आणि खाली थालीपीठ का आटा. इंग्रजी अक्षरांत मेतकूट लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात, त्यातल्या दोन तरी कुठेतरी येऊ द्या. आठवडाभर फोनवर गिऱ्हाईक काय शब्द वापरतं ते वहीत उतरवून घ्या. ती वही त्या 'एक नंबर गॅरंटी'वाल्याच्या कामाची आहे, पण तो मागणार नाही.

अर्धवट_अभियंता | बुधवार, रात्री १०.००

माई, वाखूसा (वाचनखूण साठवली)!

गॅरंटीचं राहिलंच होतं. पहिला नंबर देण्याची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय. आणि ते ६ हजारांचं 'सुरक्षा प्रमाणपत्र' म्हणजे पत्त्याच्या डावीकडचं कुलूप (क्रोममध्ये २०२३ पर्यंत दिसायचं ते). ते नसेल तर क्रोम २०१८ पासून 'सुरक्षित नाही' असं दाखवतो, तेव्हा हवंच. पण 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची संस्था ते फुकट देते. मुदत थोडी असते, पण बरेच होस्टिंगवाले ते आपोआप बदलत राहतात. मेतकूट विकायला ६ हजारांचं कुलूप लागत नाही.

त्याला एवढंच विचारा, साईट कशात बनवणार? वर्डप्रेस म्हणाला तर ठीक, पण थीम (साईटचा तयार साचा) विकत घेणार की फुकट उतरवलेली चोरीची? एका कोचिंगच्या साईटची गोष्ट. चोरीची थीम, आत कुणीतरी आधीच चोरदरवाजा ठेवलेला. सहा महिन्यांनी गूगलवर त्या क्लासचं नाव टाकलं की जपानी भाषेत घड्याळं आणि बुटांची शेकडो पानं. मालकाला आपली साईट नेहमीसारखीच दिसायची, कारण ती पानं फक्त शोधयंत्राला दाखवली जात. प्रवेशाच्या दिवसांत हे कळलं.

तुमच्या गरजेला एक पान पुरे. काय मिळतं, किंमत, कधी मिळतं, कुठून घ्यायचं, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. अ‍ॅप बिलकुल नको. भाजणीसाठी फोनमध्ये अ‍ॅप कोण उतरवतं?

छावणीकर | गुरुवार, सकाळी ९.००

पैशाचं सांभाळा वहिनी. आमच्या मिठाईवाल्या मित्राला फोन आला, 'फौजी आहे, महूहून बोलतोय, युनिटला तीस किलो मिठाई पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो, हे क्यूआर स्कॅन करा.' मित्राने केलं, पिन टाकला, बावीस हजार गेले. मोठी ऑर्डर बघून माणूस भुलतो. पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही, हे त्याला मागून समजलं. १९३० वर लगेच फोन केला म्हणून थोडे तरी अडकले, बाकी गेले.

महू म्हणजे इंदूरजवळची लष्करी छावणी, तिचं नाव घेतलं की इंदूरवाल्याला खरंच वाटतं, ही त्यातली गंमत.

बडोद्याची_नलू | गुरुवार, सकाळी ११.१५

तसेच 'गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग उद्या बंद होणार, पाच हजार भरा' हेही फोन येतात. नकाशावर दुकान लावायला पैसे लागत नाहीत गं.

आणि खरं सांगू? माझ्या धंद्याला साईटपेक्षा ते नकाशावरचं दुकानच जास्त पावलं. आधी त्याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल. माझी पिन (नकाशावरची खूण) मागच्या गल्लीत पडली होती, सहा महिने बायका मागच्या शिंप्याला साड्या विचारत होत्या. बिचाऱ्याने शेवटी पाटी लावली, 'साडी पुढच्या गल्लीत'. पिन स्वतः त्या जागी उभं राहून लाव. आता बऱ्याचदा व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. गल्ली, पाटी, आतलं सामान, आणि धंदा तूच चालवतेस हे दिसेल असं काहीतरी. घरातून चालवतेस तर घराचा पत्ता लपवायची सोय आहे, फक्त 'अमुक भागात पोचवतो' एवढंच दाखवता येतं. एकटी बाई घरी असेल तर मी तेच सुचवीन.

सणाच्या सुट्ट्या आधी टाक. आमच्याकडे नवरात्रात दुकान संध्याकाळी लवकर बंद, एक बाई गरब्याचं ब्लाऊज घ्यायला धावत आली, कुलूप बघितलं, एक तारा देऊन गेली. मी खाली लिहिलं, 'ताई, चूक माझी, वेळ बदलायला विसरले, उद्या सकाळी घरी पाठवते.' पाठवलं. तारा अजून एकच आहे, पण ते उत्तर वाचून दोघी नव्या आल्या.

पेठेतला_पाहुणा | गुरुवार, दुपारी १.०० ते ४.०० बंद

रच्याकने (म्हणजे बाय द वे), डोमेन देवनागरीत मिळतं ना? डॉट भारत? 'मेतकूट.भारत' काय भारी दिसेल पाकिटावर!

अर्धवट_अभियंता | गुरुवार, रात्री ९.२०

मिळतं, २०१४ पासून. दिसतं भारीच. पण फोनवर सांगताना 'क ला दीर्घ ऊकार' समजावत बसावं लागतं, आणि त्या पत्त्याची ईमेल काही ठिकाणी अजून अडते. हौस असेल तर दुसरं नाव म्हणून घ्या, पाकिटावर डॉट इन छापा.

(वेळ लिहिण्याची तुमची पद्धत आवडली.)

तिळकनगरची_माई | गुरुवार, रात्री ९.५०

फोटोंचं कुणी बोललं नाही. स्टीलच्या ताटात काढू नका, चकाकी येते. सकाळी खिडकीशी, वरचा ट्यूबलाईट बंद करून. आणि फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसाच साईटवर चढवला की पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे. दोनशे केबीच्या आत आणा, आमचा नातू फुकटच्या साईटवर करून देतो.

रामबागवाली | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०

मंडळी, हिशेब द्यायला आले.

नाव घेतलं, डॉट इन, तीन वर्षांचे पैसे एकदम भरून. माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डाने. पासवर्ड सासूबाईंच्या वहीत लिहिलाय, ती वही देवघराच्या खणात असते. मुलगी म्हणाली हे सुरक्षित नाही. सासूबाई म्हणाल्या, माझ्या देवघराला हात लावून दाखवा कुणी. सिमसाठी दीर उज्जैनहून येऊन गेले, येताना पेढे आणले आणि जाताना दोन किलो भाजणी नेली, त्यामुळे फुकट पडलं असं म्हणता येणार नाही.

४५ हजारवाल्यांना विचारलं, नाव नि होस्टिंग दोन्ही माझ्या खात्यात ठेवून काम कराल का? म्हणाले, "मॅडम, आपको लॉगिन क्यूँ चाहिए?" मग तीस, मग अठरा हजारांवर आले. नको म्हटलं. माझ्या भाचीच्या मैत्रिणीने एक पान करून दिलं, तिला सहा हजार दिले, कागदावर लिहून घेतलं की काय काय कुठे आहे. 'सध्या फक्त इंदूर' असं लिहिलंय. जीएसटीचं सीएकडे दिलंय.

स्टिकरं लावतोय. रोज रात्री शंभर, सासूबाई पाटावर बसून, एकही तिरकं नाही. मी लावलेली तिरकी येतात.

ग्रुप बंद केला तर दहा जणी रागावल्या. म्हणे ग्रुपमध्ये गप्पा व्हायच्या.

पहिली नवी ऑर्डर साईटवरून नाही आली, नकाशावरून आली. विजयनगरहून एक बाई, "आंटी, वो थालीपीठ का आटा मिलेगा?" माई, तुमचीच आठवण झाली.

सराफ्यातला_भिडू | रविवार, रात्री ८.४१

हाबिणंदण! आता तरी सांगा, मेतकूट किती रुपये पाव?

रामबागवाली | रविवार, रात्री ८.४५

साईटवर लिहिलंय की.

जुना_जुळारी | रविवार, रात्री ९.३०

साईट बघितली. 'ल' आपला आहे, डोळे निवले. फक्त पुडाच्या वड्यांचा फोटो आडवा लागलाय, आणि गोडा मसाल्याखाली वजन १०० किलो लिहिलंय.

हिशेबनीस | रविवार, रात्री ९.३४

किंमत तीच ठेवली असेल तर मी एक घेतो.